जँगोमध्ये टू-डू लिस्ट: कागदावरच्या चार ओळींपासून चालत्या ॲपपर्यंत

टू-डू लिस्ट अर्ध्या तासात चालू करता येते. पण एकाची कामं दुसऱ्याला दिसू नयेत, पान रिफ्रेश केल्यावर तेच काम दोनदा नोंदलं जाऊ नये, आणि कुणी मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं तरी पान मोडू नये, अशी यादी करायची तर एक निवांत दिवस हाताशी हवा. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या यादीचा आहे.

त्यासाठी जँगो घेतलं आहे; पायथन भाषेतलं हे वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटची नेहमीची कामं आयती करून देणारी चौकट. इंग्रजी स्पेलिंगमधल्या (Django) पहिल्या ‘डी’चा उच्चार करायचा नाही, जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ते नाव आलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या वेबसाइटसाठी एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारीच्या डेडलाइनमध्ये जन्मल्यामुळे लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, ॲडमिन (डेटा भरायची-बदलायची तयार पानं) हे सगळं त्यात आयतं मिळतं. फ्रेमवर्क काय करून देतं आणि कुठली जबाबदारी तरीही आपल्याच गळ्यात राहते, हे ओळखण्यात खरं शिकणं आहे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्या सीमारेषेकडे लक्ष ठेवू.

एक सूचना आधीच. कमांड आणि नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला मराठी नाव देता येतं, पण तो मोह टाळा. जँगोचं टेम्प्लेट (पानाचा एचटीएमएल साचा) नावं वाचताना काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘काम’ हे नाव पायथनमध्ये बिनतक्रार चालतं आणि टेम्प्लेटमध्ये पोचलं की ‘क’वर अडकून एरर देतं. मराठी मजकूर मात्र कुठेही बिनधास्त लिहा.

आधी कागद

कीबोर्डला हात लावण्याआधी चार ओळी लिहा: यादी पाहणे, काम जोडणे, काम झालं अशी खूण करणे किंवा ती काढणे, काम डिलीट करणे. प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा. कुठल्या पत्त्यावर, आणि गेट की पोस्ट?

गेट म्हणजे नुसतं बघणं. पोस्ट म्हणजे काहीतरी बदलणं. यादी पाहणं गेट. बाकी तिन्ही पोस्ट. डिलीटसाठी साधी लिंक ठेवायचा मोह होतो, कारण लिंक लिहायला एक ओळ पुरते. पण लिंकवर फक्त माणसंच जातात असं नाही. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं एक साधन आणलं होतं. पान लवकर उघडावं म्हणून ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं, आणि ज्या वेब ॲपमध्ये डिलीट ही साधी लिंक होती तिथे लोकांचा डेटा कुणी क्लिक न करता उडू लागला. चूक त्या साधनाची की ॲपची, यावर तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते ॲपची. गेटने काही बदलायचं नाही हा करार त्याआधीपासूनचा आहे.

मांडणी

आत्ता जँगोची ५.२ ही आवृत्ती घ्या. ती एप्रिल २०२५ मध्ये आली, दीर्घ मुदतीच्या सपोर्टची आहे, आणि तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. रिकामा फोल्डर करा, त्यात पायथनच्या व्हेन्व मॉड्यूलने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवा, ते ॲक्टिव्हेट करा आणि मगच पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने जँगो इन्स्टॉल करा. ॲक्टिव्हेट करायचं राहिलं तर जँगो मशीनवरच्या मूळ पायथनमध्ये जाऊन बसतं, आणि पुढचे दोन तास ‘इन्स्टॉल तर केलंय, मग सापडत का नाही’ यात जातात. टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव दिसतंय ना, हे पाहायची सवय लावून घ्या.

आता ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग’ ही कमांड द्या आणि शेवटी एक जागा सोडून टिंब द्यायला विसरू नका. त्या टिंबाचा अर्थ ‘इथेच’. ते नसेल तर कॉन्फिगच्या आत कॉन्फिग तयार होतं आणि नंतर पाथ लिहिताना गोंधळ होतो. मग ‘मॅनेज डॉट पीवाय’ला स्टार्टॲप सांगून ‘टास्क्स’ नावाचं ॲप करा. प्रोजेक्ट म्हणजे घर, ॲप म्हणजे त्यातली खोली. आपलं घर एका खोलीचं आहे.

ॲप केल्याबरोबर सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या यादीत त्याचं नाव घाला. हे राहिलं तर एररसुद्धा येत नाही. मॉडेल लिहून मायग्रेशन (डेटाबेसमध्ये करायच्या बदलांची फाइल) बनवायला गेलात की जँगो शांतपणे सांगतं, ‘काही बदल आढळले नाहीत’. मॉडेल समोर दिसत असताना असं उत्तर आलं तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं.

मॉडेल: इथे वेळ घालवा

मॉडेल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलचं पायथनमधलं रूप. ‘टास्क’ नावाचा क्लास करा आणि त्यात चार फील्ड ठेवा.

‘टायटल’ हे कॅरफील्ड, कमाल लांबी २००. ही लांबी युनिकोड चिन्हांत मोजली जाते, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत नाही. ‘स्त्री’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यात सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मराठी मजकुरासाठी मर्यादा ५० ठेवलीत तर ती वाटते त्याहून फार लवकर संपते.

‘ओनर’ ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीकडे बोट दाखवणारं फील्ड), म्हणजे हे काम कुणाचं. तिला सेटिंग्जमधल्या ‘ऑथ यूझर मॉडेल’शी जोडा आणि ‘ऑन डिलीट’ला कॅस्केड द्या, म्हणजे खातं गेलं की त्याची कामंही जातील. ‘लॉगिन नंतर बघू’ म्हणून हे फील्ड मागे ठेवू नका. टेबलात पन्नास कामं पडल्यावर ते जोडायला गेलात की मायग्रेशन विचारतं, आधीच्या ओळींमध्ये ओनर म्हणून कुणाला घालू? याचं प्रामाणिक उत्तर तेव्हा तुमच्याकडे नसतं.

‘क्रिएटेड ॲट’ हे डेटटाइमफील्ड, त्याला ‘ऑटो नाऊ ॲड’ खरं करा. मिळतंजुळतं ‘ऑटो नाऊ’ नव्हे. ते प्रत्येक सेव्हला वेळ बदलत राहतं.

चौथं फील्ड माझ्या आवडीचं. बहुतेक ट्यूटोरियल्समध्ये ‘डन’ नावाचं बूलियन असतं: झालं किंवा नाही झालं. त्याऐवजी ‘कम्प्लीटेड ॲट’ हे डेटटाइमफील्ड घ्या आणि त्यात नल (डेटाबेसमध्ये रिकामं) आणि ब्लँक (फॉर्ममध्ये रिकामं) दोन्हींना परवानगी द्या. रिकामं असेल तर काम बाकी. वेळ असेल तर काम झालेलं, आणि केव्हा झालं तेही कळतं. उद्या ‘या आठवड्यात किती कामं उरकली’ असं दाखवायचं ठरलं तर बूलियनवाल्याकडे ती माहितीच नसते.

याची किंमत क्रम लावताना मोजावी लागते. बाकी कामं वर, झालेली खाली, असा क्रम आपल्याला हवा. म्हणजे नल वर. एसक्यूलाइट हा डेटाबेस नलला सगळ्यात लहान मानतो, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सगळ्यात मोठं. नुसता ‘कम्प्लीटेड ॲट’चा उतरता क्रम लावलात तर पोस्टग्रेसमध्ये बाकी कामं वर येतील आणि एसक्यूलाइटमध्ये तळाला जातील. म्हणून मॉडेलच्या आतल्या मेटा क्लासच्या ऑर्डरिंगमध्ये एफ एक्स्प्रेशन (फील्डचा उल्लेख करायची जँगोची सोय) वापरा: कम्प्लीटेड ॲटचा उतरता क्रम, आणि ‘नल्स फर्स्ट’ खरं. दुसरा निकष क्रिएटेड ॲट, तोही उतरता. आता डेटाबेस कुठलाही असो, यादी तशीच दिसेल.

शेवटी ‘स्ट्र’ मेथडमधून टायटल परत द्या, नाहीतर ॲडमिनमध्ये सगळी कामं ‘टास्क ऑब्जेक्ट’ अशा एकसारख्या नावांनी दिसतील.

मायग्रेशन आणि ॲडमिन

‘मेकमायग्रेशन्स’ फक्त बदलांची फाइल लिहितं. डेटाबेसला हात लावतं ते ‘मायग्रेट’. पहिल्या मायग्रेटला यूझर, सेशन वगैरे जँगोची स्वतःची टेबलंही तयार होतात, म्हणून यादी लांबलचक दिसते. कुतूहल असेल तर ‘एसक्यूएलमायग्रेट’ चालवून जँगोने तुमच्या क्लासचं कुठलं एसक्यूएल केलं ते वाचा. मायग्रेशनच्या फाइली गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) जातात, डीबी डॉट एसक्यूलाइट३ ही डेटाबेसची फाइल जात नाही.

आता ‘क्रिएटसुपरयूझर’ने खातं काढा (पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नाही), ॲडमिन फाइलमध्ये टास्क रजिस्टर करा, ‘रनसर्व्हर’ चालवा आणि पोर्ट ८००० वर ॲडमिन उघडा. स्वतःचं एकही पान न लिहिता पाच-सहा कामं भरून पाहा. एखादं फील्ड खटकलं तर मॉडेल बदलायला हीच वेळ सगळ्यात स्वस्त. आणि चाचणीसाठी दुसरा एक साधा यूझरही आत्ताच करून ठेवा, लवकरच लागणार आहे.

फॉर्म

टास्क्समध्ये फॉर्म्सची नवी फाइल करा, त्यात मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून तयार होणारा फॉर्म) लिहा आणि ‘फील्ड्स’मध्ये फक्त टायटल द्या. सगळी फील्ड एकदम घेण्याचा शॉर्टकट जँगोत आहे. तो इथे घेतलात तर ओनर कोण हे ठरवायचा अधिकारही फॉर्म भरणाऱ्याला मिळेल. ब्राउझरकडून जे येतं ते काहीही असू शकतं, त्यामुळे काय स्वीकारायचं त्याची यादी आपण द्यायची.

नुसत्या स्पेस दाबून पाठवलेलं काम फॉर्म स्वतःच नाकारतो, कारण कॅरफील्ड दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा आधी काढून टाकतं. २०० ची मर्यादाही फॉर्मच सांभाळतो. एसक्यूलाइट स्वतः ती पाळत नाही, त्यामुळे फॉर्मला वळसा घालून थेट सेव्ह केलंत तर लांब मजकूरही खुशाल आत जातो.

व्ह्यू: तीन फंक्शन्स

व्ह्यू म्हणजे ब्राउझरची रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारा कोड. जँगोत क्लासवर आधारलेले व्ह्यूही आहेत आणि ते कमी ओळींत काम करतात. पहिल्या ॲपसाठी मी फंक्शनच सुचवतो. वरून खाली वाचत गेलं की काय घडतंय ते कळतं. क्लासमध्ये ते कळण्यासाठी चार पूर्वजांच्या घरी जाऊन चौकशी करावी लागते.

पहिला व्ह्यू यादी दाखवतो आणि नवं कामही घेतो. रिक्वेस्ट पोस्ट असेल तर पाठवलेला डेटा फॉर्ममध्ये भरा आणि ‘इज व्हॅलिड’ विचारा. बरोबर असेल तर फॉर्म ‘कमिट’ला खोटं देऊन सेव्ह करा. यामुळे टास्क ऑब्जेक्ट हातात येतं पण डेटाबेसमध्ये जात नाही. त्याचा ओनर म्हणून रिक्वेस्टमधला यूझर लावा, मग खरं सेव्ह करा, आणि यादीच्याच पत्त्यावर रीडायरेक्ट करा.

हे रीडायरेक्ट अनावश्यक वाटतं, कारण परत तेच पान दाखवायचंय. पण ते गाळलं तर ब्राउझरच्या लेखी शेवटची क्रिया पोस्ट राहते, आणि रिफ्रेश केलं की तेच काम पुन्हा नोंदलं जातं. रीडायरेक्टनंतर शेवटची क्रिया गेट होते; मग कितीही रिफ्रेश करा. फॉर्म चुकीचा असेल तेव्हा मात्र रीडायरेक्ट करायचं नाही. तोच फॉर्म घेऊन टेम्प्लेट रेंडर करा, म्हणजे चूक सांगणारा संदेश आणि लिहिलेला मजकूर दोन्ही जागेवर राहतील. रिक्वेस्ट गेट असेल तर कोरा फॉर्म. दोन्ही वेळी यादी काढताना ‘ऑब्जेक्ट्स डॉट ऑल’ नको, ओनरवर फिल्टर लावा.

दुसरा व्ह्यू खूण करण्याचा. त्यात ‘गेट ऑब्जेक्ट ऑर ४०४’ला कामाचा क्रमांक द्या आणि सोबत ओनर हा रिक्वेस्टमधलाच यूझर असल्याची अट घाला. अख्ख्या ॲपमधली सगळ्यात महत्त्वाची अट हीच. लॉगिनची सक्ती केली म्हणजे सुरक्षितता आली, असं वाटणं साहजिक आहे. पण लॉगिन फक्त ‘तू कोण’ एवढंच विचारतं. ‘हे काम तुझं आहे का’ हे तुम्ही विचारल्याशिवाय कुणी विचारत नाही. ती अट नसेल तर कुणीही लॉगिन केलेला माणूस पत्त्यातला १७ खोडून १८ करेल आणि दुसऱ्याच्या यादीत खुणा करत बसेल. नकार देताना ४०३ (परवानगी नाही) ऐवजी ४०४ (सापडलं नाही) दिल्याने असं काम अस्तित्वात आहे की नाही, हेही बाहेर कळत नाही.

काम सापडलं की कम्प्लीटेड ॲटमध्ये वेळ असेल तर नन (पायथनमधला नल) करा, नसेल तर जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधला ‘नाऊ’ भरा. पायथनच्या डेटटाइममधला साधा ‘नाऊ’ वापरलात तर त्याला टाइमझोनची माहिती नसते आणि जँगो वॉर्निंग देत राहतं. सेव्ह करा, रीडायरेक्ट करा.

तिसरा व्ह्यू डिलीटचा: तोच शोध, तीच अट, डिलीट, रीडायरेक्ट.

तिन्हींवर ‘लॉगिन रिक्वायर्ड’ आणि शेवटच्या दोघांवर ‘रिक्वायर पोस्ट’ हे डेकोरेटर (फंक्शनच्या वरच्या ओळीत लिहायच्या अटी) लावा. आता कुणी डिलीटचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकला तर ४०५ (ही पद्धत इथे चालत नाही) मिळेल, काम जागेवर राहील.

पत्ते आणि लॉगिन

ॲपमध्ये यूआरएलची फाइल करा. रिकामा पाथ यादीकडे. पूर्णांक क्रमांक आणि पुढे टॉगल किंवा डिलीट, असे बाकी दोन. प्रत्येकाला नाव द्या आणि टेम्प्लेटमध्ये पत्ता हाताने न लिहिता त्या नावाने मागवा. शेवटचा स्लॅश विसरू नका. गेटच्या वेळी जँगो तो स्वतः जोडून रीडायरेक्ट करतं, पण पोस्टच्या वेळी त्या रीडायरेक्टमध्ये पाठवलेला डेटा गळून पडतो. सेटिंग्जमधलं डीबग (चुका सविस्तर दाखवायची सोय) चालू असेल तर निदान एरर तरी दिसते.

प्रोजेक्टच्या यूआरएलमध्ये ही फाइल इन्क्लूड करा आणि ‘अकाउंट्स’ या पत्त्याखाली जँगोची ऑथची (लॉगिन-लॉगआउटची) यूआरएल जोडा. व्ह्यू आयता मिळतो, लॉगिनचं टेम्प्लेट मात्र ‘रजिस्ट्रेशन’ नावाच्या फोल्डरमध्ये तुम्हाला ठेवावं लागतं. सेटिंग्जमध्ये ‘लॉगिन रीडायरेक्ट यूआरएल’ यादीच्या नावावर ठेवा. नाहीतर लॉगिन झाल्यावर जँगो ‘अकाउंट्स, प्रोफाइल’ असं पान शोधायला जातं आणि ४०४ देतं. लॉगआउटही फॉर्ममधून पोस्टनेच करा. जुन्या व्हिडिओंत त्यासाठी लिंक दिसते, पण ५.० पासून ती चालत नाही.

टेम्प्लेट

फोल्डर टास्क्सच्या आत टेम्प्लेट्स आणि त्याच्या आत पुन्हा टास्क्स, असा दुहेरी ठेवा. जँगो सगळ्या ॲपचे टेम्प्लेट फोल्डर एकत्र धरून शोधतं. दोन ॲपमध्ये ‘लिस्ट’ नावाची फाइल असेल तर पहिली सापडेल ती उचलतं.

एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी मजकूर मराठी म्हणून वाचू शकतो. वर जोडण्याचा फॉर्म, खाली फॉर लूप. लूपमध्ये ‘एम्प्टी’चा भाग लिहायला विसरू नका. नवा माणूस येतो तेव्हा त्याला आधी रिकामी यादीच दिसते, आणि कोऱ्या पानापेक्षा ‘अजून एकही काम नाही’ हे वाक्य बरं.

प्रत्येक कामापुढे दोन छोटे फॉर्म: एकात खुणेचं बटण, एकात डिलीटचं. इतके फॉर्म पाहून कसंतरी वाटेल, पण ते बरोबर आहेत. प्रत्येक पोस्ट फॉर्ममध्ये ‘सीएसआरएफ टोकन’ची ओळ हवीच, ती राहिली की ४०३. ही कटकट बंद करायचे उपाय शोधू नका. दुसऱ्या कुठल्यातरी वेबसाइटने तुमच्या लॉगिनचा फायदा घेऊन परस्पर डिलीट पाठवू नये, यासाठी ते टोकन आहे.

आता एक गंमत करा. कामाच्या नावात एक स्क्रिप्ट टॅग टाकून आत अलर्ट लिहा आणि सेव्ह करा. काही उडी मारून येणार नाही. लिहिलेलं जसंच्या तसं मजकूर म्हणून दिसेल. जँगो टेम्प्लेटमध्ये छापताना खास चिन्हं निष्प्रभ करून छापतं. हे संरक्षण घालवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘सेफ’ हा फिल्टर, आणि या ॲपमध्ये त्याची कुठेही गरज नाही.

तीन टेस्ट

आधी हाताने तपासा. पहिल्या यूझरने काम करा, लॉगआउट व्हा, दुसऱ्याने लॉगिन करा; यादी रिकामी दिसली पाहिजे. मग अशाच तीन तपासण्या टेस्टमध्ये लिहा, कारण पुढच्या महिन्यात बदल करताना हे हाताने तपासायचा कंटाळा येणार आहे. दुसऱ्याचं काम डिलीट करायला पोस्ट पाठवली तर ४०४ यावं आणि काम टेबलात असावं. स्वतःच्या कामावर गेटने डिलीट मागितलं तर ४०५ यावं. रिकामं टायटल पाठवलं तर कामांची संख्या वाढू नये. टेस्ट क्लायंटच्या ‘फोर्स लॉगिन’ने पासवर्डशिवाय आत जाता येतं, आणि टेस्टसाठी जँगो वेगळा डेटाबेस वापरतं, तुमच्या यादीला धक्का लागत नाही.

टेस्ट हिरव्या आल्या की एकदा डिलीटच्या व्ह्यूमधली ओनरची अट मुद्दाम काढून पाहा. पहिली टेस्ट लाल झाली पाहिजे. झाली नाही तर ती टेस्ट काहीच तपासत नव्हती.

बाहेर ठेवण्याआधी

रनसर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनसाठी आहे. सर्व्हरवर गुनिकॉर्नसारखं सर्व्हर सॉफ्टवेअर लागतं. डीबग बंद करा, नाहीतर एरर आली की सेटिंग्ज आणि कोडचे तुकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. सीक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली) सेटिंग्जच्या फाइलमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवा, आणि ती आधीच गिटमध्ये गेली असेल तर नवी तयार करा, कारण जुनी इतिहासात तशीच राहते. ‘अलाऊड होस्ट्स’मध्ये तुमचं डोमेन घाला. मग मॅनेज डॉट पीवायला ‘चेक’ सांगा, सोबत डिप्लॉयचा पर्याय देऊन. पहिल्या वेळी चार-पाच वॉर्निंग येतील, बहुतेक एचटीटीपीएस आणि कुकीबद्दलच्या. एकेक वाचून, समजून मिटवा. फक्त एचएसटीएसची ओळ सगळ्यात शेवटी, संपूर्ण साइट एचटीटीपीएसवर नीट चालते याची खात्री झाल्यावरच चालू करा. ती एकदा ब्राउझरने लक्षात ठेवली की तुम्ही दिलेली मुदत संपेपर्यंत तो साध्या एचटीटीपीवर यायलाच नकार देतो.